निळ्या दोऱ्याचा सदरा

बुर्गल सॅक भरायची ती मोठ्याने बोलून. एकेका वस्तूला हात लावायचा, तिचं नाव घ्यायचं आणि मगच ती आत जाऊ द्यायची. तळाशी बसायची पिशवी, म्हणजे मचाणावर छातीपर्यंत आत शिरून बसायचं ते जाड लोकरीचं पोतं. तिच्यावर पिसांची बंडी. मग मोज्यांचा दुसरा जोड, बोटांची टोकं उघडी राहणारे हातमोजे, कानटोपी, राय धान्याचा पाव, श्पेकचा, म्हणजे धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा, चहाचा थर्मास. आणि सगळ्यांच्या वर, पट्टा सोडल्याबरोबर पहिला हाताला लागेल असा, सुका लोकरीचा सदरा.

"बसायची पिशवी आहे. बंडी आहे. मोजे आहेत. सदरा आहे," असं ती पुटपुटायची, आणि पट्टा आवळल्यावर पुन्हा एकदा वरून चाचपून म्हणायची, "सदरा आहे."

एकवीस वर्षं हे असंच चाललं होतं. त्याआधी ती गप्पपणे भरायची, गाणं गुणगुणत भरायची, कधी धाकट्या लेकीला, वेफीला, मांडीवर घेऊन एका हाताने भरायची. तेव्हा तिचा स्वतःच्या हातांवर विश्वास होता.

तिचा नवरा लीन्हार्ट हा रोटकारच्या डोंगराचा पगारी शिकारी. डोंगर पट्ट्याने घेतलेला होता एका शहरातल्या कारखानदाराने. गाम्सची, म्हणजे कड्यांवरच्या त्या आकड्यासारख्या शिंगांच्या रानशेळ्यांची, मोजदाद ठेवायची, हिवाळ्यात हरणांना चारा घालायचा, आणि शरदात पाहुण्यांना मचाणावर नेऊन बसवायचं, हे लीन्हार्टचं काम. घर कामाबरोबर मिळालेलं. लाकडी, दोन मजली, दिंडी दरवाजातून चर्चची दफनभूमी दिसायची. नोकरी गेली की घर गेलं, हे बुर्गल लग्न होऊन आली त्या दिवसापासून जाणून होती.

गावाहून मचाणापर्यंत अडीच तासांची चढण. नोव्हेंबरातसुद्धा माणूस तिथे घामाने निथळत पोचतो, आणि मग त्याला चार-पाच तास पापणीही न हलवता बसायचं असतं. म्हणून घरून निघताना कुडकुडत निघायचं, अंगात एक सदरा आणि वर लोडेनचा, म्हणजे दाट लोकरी कापडाचा, उघडा कोट, एवढंच. वर पोचलं की ओला सदरा काढायचा, सुका चढवायचा, आणि मग सॅकमधलं एकेक अंगावर घ्यायचं. आतला थर घाम उडवतो, मधला ऊब धरतो, वरचा वारा अडवतो. आतलाच ओला असला तर वर सोन्याचा कोट घातला तरी गोठणार. नवे पाहुणे खालूनच सगळं अंगावर चढवून निघत, आणि बुर्गल त्यांना अंगणात अडवून कोट उतरवायला लावी. "खाली थंडी वाजली नाही तर वर वाजेल," ती म्हणायची. कित्येक मोठमोठ्या साहेबांची बटणं तिने अशी स्वतःच्या हाताने सोडली होती.

आणखी एक रीत होती, ती फक्त लीन्हार्टच्या घराण्याची. सॅक घरातल्या बाईने भरायची, पट्टा तिने आवळायचा, आणि पुरुषाने तो मचाणावर पोचेपर्यंत सोडायचा नाही. वाटेत सोडला की नशीब सांडतं. लीन्हार्टचा बाप असं म्हणायचा, त्याचाही बाप म्हणायचा. घरातले सगळे पाळायचे. कासियाननेही पाळलं होतं.

कासियान त्यांचा थोरला. सडपातळ, लांब हातांचा, शिट्टीवर कुठलंही गाणं वाजवणारा. त्याला खाली इन्सब्रुकला जाऊन लाकडी वाद्यं घडवायला शिकायचं होतं. लीन्हार्ट म्हणाला, "आधी एक गाम्स पाड, मग हवी तिकडे जा." एकोणीस वर्षांचा होता तो तेव्हा. पंचाहत्तर सालच्या नोव्हेंबरात बापलेक पहाटे वर गेले. लीन्हार्ट खालच्या मचाणावर बसला, त्याला वरच्या मचाणावर बसवलं. एकाच उतारावर दोन बंदुका असल्या की एक नियम असतो, आणि तो सगळ्या डोंगरांवर सारखाच: न्यायला येईपर्यंत जागा सोडायची नाही. अकरा वाजता न्यायचं होतं. लीन्हार्ट दोन वाजता गेला.

संध्याकाळी कासियान आला तो निळा पडून. सॅक ओट्यावर ठेवत तो इतकंच म्हणाला, "आई, सदरा नव्हता."

"मी ठेवला होता रे," बुर्गल म्हणाली.

"विसरली," लीन्हार्ट भिंतीवर बंदूक अडकवत म्हणाला. "पोराला ओल्यात बसवलं दिवसभर. मीही काय म्हणणार, मला वाटलं याने बदलला असेल."

दोन दिवसांनी बर्फ कोसळून रस्ता बंद झाला. डॉक्टर चार दिवस येऊ शकला नाही. नवव्या दिवशी कासियान गेला. अंगावर चर्चचा चांगला सदरा चढेना, हात ताठलेले, म्हणून सुईणबाईंनी बुर्गलला दाखवलं, सदरा मागून मानेपासून खालपर्यंत कापायचा आणि पुढून घालायचा. तसं तिने केलं. लीन्हार्टने शिकाऱ्याचा निरोप म्हणून टोपीतली हिरवी डहाळी काढून खड्ड्यात टाकली आणि सगळ्यांदेखत रडला.

घरभर शोधूनही सॅकसाठीचा तो सदरा पुढे महिनाभर सापडला नाही. मग एके दिवशी तो कपाटात होता, घडी घातलेला, कॉलरच्या आत निळ्या दोऱ्याचा टाका. प्रत्येकाचा टाका वेगळा, बुर्गलच घालायची: लीन्हार्टचा लाल, कासियानचा निळा. कपाटात सापडला म्हणजे सॅकमध्ये गेलाच नव्हता. तिने तो कागदात गुंडाळून तळाच्या खणात ठेवला, आणि त्यानंतर सॅक भरताना बोलायला लागली.

गावाने फार काही छळलं नाही. पण बेकरीतली मोइडल सुटे पैसे परत करताना म्हणायची, "बघ हं, पाव घेतलास ना नक्की? नाहीतर विसरशील." आणि मागे उभ्या असलेल्या बायका आपापल्या पिशव्यांत बघायच्या.

आता शहाण्णव साल होतं. लीन्हार्टची नोकरी वर्षअखेरीला संपत होती. जागेवर जावयाने यावं अशी बुर्गलची इच्छा होती, आणि तिने आयुष्यात याइतकं दुसरं काही मागितलं नव्हतं. वेफीचा नवरा गेर्नोट शहरात डोंगरी कपड्यांच्या दुकानात नोकरी करायचा. शिकाऱ्याची परीक्षा पास झालेला, डोंगरात वाढलेला, पण लीन्हार्टच्या लेखी दुकानदार तो दुकानदार. गेर्नोटला काम मिळालं तर घर राहणार होतं. वेफी वर येऊन राहणार होती, कासियान दरवाजासमोर राहणार होता. नाही मिळालं तर म्हातारा-म्हातारीला खाली रेल्वेच्या बाजूला दोन खोल्या मिळायच्या होत्या. लीन्हार्टला त्या चालणार होत्या.

"त्याला देण्यापेक्षा मी रुळांवर झोपेन," तो म्हणायचा.

पण पट्टेदार कारखानदारसाहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, रविवारी शिकाऱ्यांची बैठक आहे, तिथे लीन्हार्टने जावयाबद्दल आपलं मत द्यायचं. एकदा वर घेऊन जा, बघ, आणि बोल.

बुधवारची सफर ठरली. मंगळवारी दुपारी गेर्नोट आला तो भलीमोठी पिशवी घेऊन, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने कपडे मांडले. लीन्हार्ट कोपऱ्यात पाइप ओढत बसला होता.

"काय रे, दुकान इथेच थाटतोस काय?"

"आईंना दाखवतोय बाबा. सॅक त्या भरणार ना."

"दाखव दाखव. तिला विकत घ्यायला लाव एखादं."

बुर्गल हात पुसत आली. तिला वाटलं होतं, प्लास्टिकचं काहीतरी चकचकीत असणार. गेर्नोटने एक पातळ राखाडी सदरा पुढे केला. "हा मेरिनो. तुमच्या लोकरीसारखाच, फक्त धागा बारीक. टोचत नाही, वासही धरत नाही. सुती काही ठेवलेलंच नाही मी, सुती म्हणजे ओला फडका. दोन आणलेत, एक चढायला, एक वर बदलायला."

"दोन," बुर्गल म्हणाली आणि तिचा चेहरा सैल झाला.

"हा मधला. फ्लीस. आणि वारा अडवायला हे." त्याने दोन जॅकेटं उचलली. एक तिच्या कानाजवळ नेऊन बाही बाहीवर घासली. वाळलेल्या पानांतून उंदीर पळावा तसा आवाज झाला. दुसरं घासलं. काहीच ऐकू आलं नाही. "पहिल्यात पाणी थेंबभर शिरत नाही. दुसऱ्यात तीन तासांनी शिरतं. दुकानात सगळे पहिलं घेतात. मी दुसरं आणलं."

बुर्गल त्याच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं ती स्वतः प्रत्येक नवीन कापड कानाशी घासून बघत आली होती. कुणी तिला शिकवलं नव्हतं. लीन्हार्ट त्यावर हसायचा.

"गाम्सना पाऊस ऐकू येत नाही," ती म्हणाली, "बाही ऐकू येते."

"तेच तर."

"घ्या," कोपऱ्यातून लीन्हार्ट म्हणाला, "एक होती, आता दोन शिंपिणी झाल्या घरात."

गेर्नोट हसला. त्याला असल्या बोलण्याची सवय करून घ्यायची होती. बुर्गलने त्याच्या दोन्ही मेरिनोंच्या कॉलरमागे हिरव्या दोऱ्याचा टाका घातला आणि संध्याकाळी उजेड असतानाच दोन्ही सॅका भरल्या. मोठ्याने, एकेक. वेफी बाजूला उभी राहून ऐकत होती.

"आई, पुरे की. किती वेळा म्हणशील?"

"सदरा आहे," बुर्गल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे परत आले. लीन्हार्टच्या टोपीत डहाळी नव्हती, म्हणजे शिकार झाली नव्हती, पण तो खुशीत होता. गेर्नोट चुलीपाशी बसला तरी त्याचा जबडा थरथरत होता. वेफीने त्याच्या हातात सूपची वाटी दिली, ती त्याने दोन्ही हातांनी धरली तरी सांडली.

"सांगतो," लीन्हार्ट पाय पसरून म्हणाला. "पाच गाम्स समोर. ऐंशी पावलं. म्हातारा बोकड असा आडवा उभा, जशी काय तसबीर काढायचीय. आणि आमचे दुकानदार थरथरतायत. दात असे वाजतायत, की बोकडाने मान वळवली आणि ऐकत उभा राहिला. मला वाटलं आता तो नाचायला लागतो."

"मी मुद्दामच झाडली नाही गोळी," गेर्नोट हळूच म्हणाला. "हात स्थिर नव्हता. जखमी झाला असता."

"हात स्थिर नव्हता," लीन्हार्टने आवाज काढून दाखवला. "रविवारी हेच सांगतो बैठकीत. तुझ्याच शब्दांत."

वेफी उठून बाहेर गेली. बुर्गल कढई घासत होती, तिची पाठ त्यांच्याकडे होती. गेर्नोट तिच्याजवळ आला आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, "आई, काही मनात आणू नका. सदरा नव्हता आत. होतं असं. माणूस विसरतं."

तिच्या हातातली काथ्याची घासणी थांबली.

"कितीही हळू बोललास तरी तिला माहीत आहे," मागून लीन्हार्ट म्हणाला. "या घरात ती जुनीच गोष्ट आहे. काय गं बुर्गल?"

"मी ठेवला होता," ती म्हणाली. तेच शब्द, तोच ओटा.

"बंडी तरी चढवायची," ती थोड्या वेळाने गेर्नोटला म्हणाली.

"सॅक उघडली तेव्हा बाबा शेजारीच होते. सदरा शोधत होतो तेवढ्यात त्यांनी हाताने थांब म्हणून खूण केली. गाम्स समोरच होते. मग हललो नाही. चार तास."

"वाटेत कुठे थांबला होतात?"

"झऱ्यावर. मी पाणी भरायला खाली उतरलो होतो. बाबा सॅकांपाशी होते."

तिने कढई धुऊन पालथी घातली. ते दोघे झोपायला माडीवर गेल्यावर, दुपारच्या उन्हात, ती ओसरीत सॅका रिकाम्या करायला बसली. गेर्नोटच्या सॅकमध्ये सदरा सोडून सगळं होतं. लीन्हार्टच्या सॅकमध्ये वर त्याचा ओला सदरा होता, बदललेला. खाली दोरी, दुर्बिणीचं कातडं. आणि अगदी तळाशी, बसायच्या पिशवीच्या आत खोचलेला, राखाडी मेरिनो. कोरडा ठणठणीत. तिने कॉलर उलटवली. हिरवा टाका.

ती तिथेच फरशीवर किती वेळ बसली होती, तिला कळलं नाही. आधी तिला काही वाटलंच नाही, एवढंच कळलं की आपण विसरलो नव्हतो. मग, हळूहळू, ऊन फरशीवरून सरकावं तसं, दुसरं कळलं.

लीन्हार्ट चहाला खाली आला तेव्हा सदरा टेबलावर होता. तो बघून त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

"साखर कुठे आहे?"

तिने साखर दिली.

"कासियानच्या वेळीसुद्धा दोघे झऱ्यावर थांबला होतात?"

"तिथे सगळेच थांबतात." त्याने चमचा ढवळला. "माझ्या बापाने मला तसंच बसवलं होतं. थंडी खाल्ल्याशिवाय शिकारी होत नाही कुणी. मी पंधरा वर्षांचा होतो. मी काही मेलो नाही."

"तू त्याला दोनपर्यंत ठेवलंस."

"पाहायचं होतं, जागा सोडतो का. नाही सोडली. ते मात्र मानलं मी." तो खरंच मान हलवत होता. "शरीर कमी पडलं. तुझ्याकडचं होतं ते."

"मग मला का म्हणालास, विसरली?"

लीन्हार्टने कप उचलला, फुंकर मारली. "कोणीतरी विसरलेलं असायला हवं होतं ना," तो म्हणाला.

बाहेर वेफी लाकडं फोडत होती, तिच्या कुऱ्हाडीचा आवाज येत होता. बुर्गलने सदरा उचलला, घडी घातली आणि गेर्नोटच्या कपड्यांत ठेवून आली. यातलं काही तिने कुणाला सांगितलं नाही. वेफीलाही नाही, गेर्नोटलाही नाही. गुरुवारी मोइडल म्हणाली, "ऐकलं जावईबापू गारठले. या वेळी काय राहिलं होतं?" बुर्गलने पाव घेतला आणि सुटे पैसे काउंटरवर तसेच सोडून आली.

शनिवारी लीन्हार्टची शेवटची शिकार होती. चाळीस वर्षांच्या नोकरीचा निरोप म्हणून पट्टेदाराने त्याला गाम्सचा एक बोकड टिपायची भेट दिली होती. स्वतः पट्टेदार खालच्या मचाणावर बसणार होता, लीन्हार्ट वरच्या. गेर्नोटने दोघांना बाराच्या ठोक्याला न्यायला जायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी लीन्हार्ट बुटांना चरबी चोळत होता.

"नीट भर," तो म्हणाला. "उद्या साहेबांना दाखवायचंय, म्हातारा अजून कसा चढतो ते."

"भरते."

तिने बसायची पिशवी घेतली, बंडी घेतली, मोजे, हातमोजे, टोपी, पाव, श्पेक, थर्मास. एकेकाला हात लावला, पण बोलली नाही. घर इतकं गप्प झालं की वेफीने विणकामातून मान वर केली. बुर्गल कपाटापाशी गेली, तळाच्या खणातला कागद सोडला आणि सदरा सगळ्यांच्या वर ठेवला. निळा टाका वर येईल असा. पट्टा आवळला.

"आज मोजलं नाहीस आई," वेफी म्हणाली.

"आज लक्षात आहे."

लीन्हार्ट पहाटे निघाला तेव्हा ती दारात उभी होती. तो साहेबांच्या पुढे चालत होता, तरुणासारखा, कोट उघडा. असा चढला तर सदरा पिळून काढावा लागेल, तिला दिसत होतं. निघताना तिनेच त्याच्या कोटाचं वरचं बटणसुद्धा सोडलं होतं.

दिवसभर तिने घर झाडलं. कासियानच्या दगडावरचा बर्फ झाडून आली. तीनच्या सुमाराला अंगणात आवाज आला आणि गेर्नोटने लीन्हार्टला खांद्यावर टाकून आत आणलं. मागे पट्टेदार दोन बंदुका घेऊन. गेर्नोटचं पिसांचं जॅकेट, फ्लीस, टोपी, सगळं लीन्हार्टच्या अंगावर होतं. स्वतः गेर्नोट एका मेरिनोत होता आणि अंगातून वाफा निघत होत्या.

"या तुमच्या जावयाने वरच लीन्हार्टचे ओले कपडे उतरवले," पट्टेदार बुर्गलला सांगत होता, "उघड्या अंगाला बर्फाच्या वाऱ्यात आपली लोकर चढवली, आणि पाठीवर घेतलं. मला तर सुचलंच नसतं. अहो, याला म्हणे दुकानदार म्हणतात."

लीन्हार्टला चुलीपाशी ठेवलं. गेर्नोट बुर्गलला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, समजत नाही मला. सॅक मांडीवर होती, उघडी. आत सगळं होतं. पिशवी, बंडी, थर्मास. कशालाही हात लावला नव्हता. सदरा तर अगदी वर होता. सुका. आणि ते तसेच ओल्यात बसलेले, त्याच्याकडे बघत."

"किती वाजता पोचला असेल तो?"

"सात. सातपासून बारापर्यंत." तो थांबला. "तो सदरा कुणाचा आहे आई? फार अरुंद आहे."

"घरातलाच आहे," बुर्गल म्हणाली.

सॅक तिनेच रिकामी केली. सदऱ्याची घडी तिची नव्हती. म्हणजे त्याने तो एकदा उलगडला होता आणि पुन्हा घडी घातली होती. चार दुमडी, पुरुषासारखी, वेडीवाकडी.

रविवारी बैठक लीन्हार्टशिवाय झाली. काम गेर्नोटला मिळालं. बोकडाचं काय झालं असं कुणीतरी विचारलं, तर पट्टेदार म्हणाला, चार वेळा आला समोर, वर कुणी गोळीच झाडली नाही. मग बिअर आली. सोमवारी वेफी आणि गेर्नोट सामान आणायला शहरात गेले. घर राहिलं होतं. जे मागितलं होतं ते सगळं बुर्गलला मिळालं होतं.

लीन्हार्टला ताप भरला होता. या वेळी रस्ता उघडा होता, डॉक्टर त्याच दिवशी आला, सुई टोचली, छाती ऐकली. "वयाच्या मानाने दणकट आहेत," तो म्हणाला. "घाम खूप येईल. ओल्यात ठेवू नका, एवढं जपा. दर वेळी सुका सदरा."

"दर वेळी," बुर्गल म्हणाली.

दुपारी लीन्हार्ट घामाने भिजला. दात वाजायला लागले. "बुर्गल, सदरा," तो म्हणाला.

तिने निळ्या टाक्याचा सदरा आणून रजईवर ठेवला. शेगडीवर तापवून आणला होता. त्याने बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"दुसरा दे."

"हाच सुका आहे."

"कपाटात माझे सात आहेत."

"धुवायला टाकलेत."

ते खरं होतं. तिने सकाळीच सातही सदरे भिजत घातले होते, आणि दोरीवर ते गोठून फळ्यांसारखे लटकत होते. त्याच्या खिडकीतून दिसत होते.

तो ओल्यातच पडून राहिला. संध्याकाळी पुन्हा मागितला. पुन्हा तोच आला. ती रागावलेली नव्हती, आवाजही चढवत नव्हती. सूप भरवत होती, उशी पालटत होती, औषधाच्या गोळ्या वेळेवर देत होती. चुलीत लाकूड कमी पडू देत नव्हती. त्याने एकदा शिवी दिली, तर तिने ओठावरची लाळ पुसली. मंगळवारी सकाळी तो म्हणाला, "तुला मला मारायचंय."

"सदरा इथे आहे," ती म्हणाली. "घालायचा तर घाल."

"वेफी कधी येणार?"

"उद्या."

तो छताकडे बघत राहिला. अंगावरचा सदरा छातीला चिकटून गार पडला होता, बाहीतून पाणी सुटत होतं. दुपारी केव्हातरी, काही न बोलता, त्याने दोन्ही हात वर केले, लहान मुलं करतात तसे.

बुर्गलने ओला सदरा काढला, अंग खरखरीत पंच्याने कोरडं केलं. मग कासियानचा सदरा त्याच्या डोक्यातून घातला. तो खांद्यांशीच अडकला. लीन्हार्टचे हात वरच राहिले, तोंड लोकरीत झाकलेलं, आणि आतून त्याचा श्वास ऐकू येत होता.

"बघ," तो आतून म्हणाला. "होत नाही. काढ."

"होईल."

तिने तो काढला, टेबलाच्या खणातून कात्री आणली, सदरा पालथा पसरला आणि मानेपासून खालपर्यंत सरळ कापला. निळा टाका मधोमध तुटला. मग अर्धवट बसलेल्या नवऱ्याचे हात तिने पुढून बाह्यांत घातले, आणि कापलेल्या कडा पाठीमागे गादीखाली खोचल्या. नीट बसला.

लीन्हार्ट तिच्याकडे बघत होता. कासियानला दफनासाठी तयार केलं तेव्हा तोही त्या खोलीत होता.

"असा का कापलास?" त्याने विचारलं.

"असाच घालतात," ती म्हणाली, आणि रजई त्याच्या हनुवटीपर्यंत ओढून सूप गरम करायला गेली.